माळ्यावर काही आहे का?

माणसाची खरी ओळख पत्रिकेवरून होते असं ज्योतिषी म्हणतात; पासबुकावरून होते असं आम्ही बँकवाले म्हणतो. माझ्या मते दोघंही चुकतात. माणूस ओळखायचा असेल तर तो घर हलवत असताना त्याच्या दारात जाऊन उभं राहावं आणि सहज विचारावं, "माळ्यावर काही आहे का?" तो जे उत्तर देईल त्यावरून त्याच्या चारित्र्याचा दाखला खुशाल लिहून द्यावा.

हे ज्ञान मला गेल्या वर्षी झालं. मी पुण्यात एका बँकेत कारकून. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे आकड्यांवर माझी श्रद्धा आहे. आमच्याकडे संध्याकाळी कॅश एका रुपयानं कमी भरली तर घरी जाता येत नाही, आणि एका रुपयानं जास्त भरली तरीही जाता येत नाही. 'अंदाजे' हा शब्द आमच्या काउंटरवर चालत नाही. अशा माणसानं तुळजापूरला बदली मागितली आणि त्याची गाठ एकदम अंदाजपत्रकाशी पडली.

बदली मागितल्यावर शाखेत थोडी खळबळ झाली. लोक तुळजापूरहून पुण्याला येण्यासाठी देवीला नवस बोलतात. मी उलटा निघालो होतो. कारण साधं होतं. आई तिथे एकटी होती, आणि दर मंगळवारी देवीला जाणाऱ्या तिच्या गुडघ्यांनी देवळाच्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती. विनंती करून घेतलेली बदली, त्यामुळे सामानाचा खर्च आपल्याच खिशातून. बँकेनं दिल्या त्या शुभेच्छा.

मी तीन वाहतूकवाल्यांकडून दर मागवले. तीन निविदा मागवाव्यात हे शिक्षणानं शिकवलं होतं. तिन्हींचं पुढे काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

पहिला फोनवरच म्हणाला, "वन बीएचके? पुणे ते तुळजापूर? चौदा हजार. देऊन टाका." मी थक्क झालो. आमच्याकडे कर्ज मागायला आलेल्याला आम्ही चपलेपासून टकलापर्यंत निरखतो, आणि या गृहस्थानं माझा अख्खा संसार न बघता त्याला किंमत लावली होती.

दुसरा घरी आला. त्याने चहा घेतला, घरभर फिरला आणि फ्रिज, कपाट, दिवाण यांच्याकडे शिंप्यानं गिऱ्हाइकाच्या छातीकडे बघावं तसं बघून वहीत आकडे टाकले. हे आकडे घनफुटांचे असतात हे मला तेव्हा कळलं. आपल्याला वाटतं ट्रकवाला वजन वाहतो. घरसामानात तसं नसतं. तिथे वजन संपायच्या आधी जागा संपते. सोफा आतून पोकळ, पण अडवणार मात्र गावच्या पाटलाइतकी जागा. त्यामुळे भाडं असतं ते जागेचं. चौदा फुटी ट्रक लागेल की सतरा फुटी, की आपलं सामान दुसऱ्याच्या सामानाबरोबर एकाच गाडीत जाईल, यावर सगळा हिशेब. त्याचा आकडा साडेबावीस हजार.

तिसऱ्यानं छापील कागद पाठवला. त्यात रकाने होते. बांधणी, चढाई, वाहतूक, उतराई, खोलून मांडणी, विमा, कर. बेरीज एकतीस हजार. कागद इतका सुबक होता की आधी वाचायची भीतीच वाटली.

त्या रात्री मी तिन्ही आकडे ताळेबंदासारखे समोरासमोर मांडले. पहिल्याला पुन्हा फोन करून एकेक विचारत गेलो. चौदा हजारांत खोकी आणि बांधणी आहे का? नाही. टोल? वेगळा. आमच्या तिसऱ्या मजल्याचं काय? इथे लिफ्ट सोसायटीच्या वार्षिक सभेत असते, जिन्यात नसते. "मजल्याचे वेगळे लागतील साहेब." तुळजापूरला उतरवायची माणसं? "ती तिकडची." जीएसटी? "बिल पाहिजे का तुम्हाला?" हा शेवटचा प्रश्न त्यानं इतक्या मायेनं विचारला की क्षणभर मलाच अपराधी वाटलं. इथेही एक मेख असते: बांधणीसकट सगळी सेवा धरली तर कर १८ टक्के, नुसती मालवाहतूक धरली तर सहसा ५ टक्के. म्हणून कर कशावर आणि किती, हे आधीच लिहून घ्यावं.

सगळं मिळवल्यावर चौदा हजारांचे एकोणतीस हजार सातशे झाले. तेव्हा लक्षात आलं की स्वस्त आणि महाग यांच्यात किमतीचा फरक फारसा नव्हताच. फरक होता तो किंमत कधी सांगायची याचा. तिसऱ्यानं ती आधी सांगितली आणि महागडा ठरला. पहिला ती सामान गाडीत चढल्यावर सांगणार होता, म्हणून तो स्वस्त.

याबद्दल मी त्याला शिव्या देणार होतो, पण आमच्याच धंद्याची आठवण झाली. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक व्याजाचा दर विचारून कर्ज घ्यायचं आणि प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन शुल्क, विम्याचा हप्ता ही मंडळी मागाहून पंगतीला बसायची. अखेर १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जांना 'मुख्य तथ्य विवरणपत्र' सक्तीचं केलं. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते आधी एका कागदावर सांगायचं, आणि त्या कागदावर नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावायचं नाही. म्हणजे बँकांनाही हे कायद्याच्या काठीनंच सांगावं लागलं. सरकारचं काय वेगळं? अर्थसंकल्पाला आपण पूर्वापार अंदाजपत्रक म्हणत आलो. त्यात पुढच्या वर्षी 'सुधारित अंदाज' येतो, त्यानंतर 'प्रत्यक्ष' येतं, आणि मधल्या काळात कोणीही कोणाला खोटारडा म्हणत नाही. ट्रकवाल्यानं सुधारित अंदाज काढला की मात्र आपण अस्तन्या सावरतो.

मी निवड केली ती दुसऱ्याची. तीन आकडे समोर आले की मध्यमवर्गीय माणूस मधला उचलतो. आमच्या वर्गाच्या नावातच ते आहे. शिवाय हा माणूस घर बघून गेला होता, जीएसटी धरून आकडा दिला होता. आणि आता मला तो प्रसंग सांगायलाच हवा, जो मी इतका वेळ टाळत आलो आहे.

घर बघताना तो स्वयंपाकघरात थांबला होता, वर बोट दाखवून त्यानं विचारलं होतं, "माळ्यावर काही आहे का?"

"छे," मी म्हणालो, "सटरफटर."

सौ.नं माझ्याकडे बघितलं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यामुळे त्या बघण्याचा अर्थ मला कळला. त्याला तो कळला नाही. त्यानं वहीत काहीच लिहिलं नाही आणि माझे निदान तीन हजार वाचले, असा हिशेब करून मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो.

निघायच्या दिवशी सकाळी चार हमाल आणि एक मुकादम आला. दहापर्यंत फ्रिज, कपाट, दिवाण खाली गेले. मग एक पोरगा माळ्यावर चढला आणि वरून तो एकेक वस्तू काढू लागला. दोन लोखंडी ट्रंका. कापसाच्या चार गाद्या. शेवयांचं यंत्र. मुलीचा पाळणा. भाता फाटलेली पेटी. गेल्या पंधरा वर्षांचे दिवाळी अंक, तेही एका गठ्ठ्यात नव्हेत, सात गठ्ठ्यांत. आणि सगळ्यात शेवटी, पाणी तापवायचा तांब्याचा बंब.

मुकादम माझ्यासारखाच चाळिशी ओलांडलेला, शांत माणूस होता. त्यानं बंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, हे सटरफटर?"

त्यानं सहा हजार जादा मागितले. मी तापलो. अर्धा संसार ट्रकमध्ये चढल्यावर ही मागणी म्हणजे अडवणूक आहे, असं ठणकावून सांगितलं. तेवढ्यात मला भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं १७१वं कलम आठवलं. येणं वसूल होईपर्यंत ताब्यातला माल अडकवून ठेवायचा सर्वसाधारण हक्क त्यात बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल यांना आहे. ट्रकवाल्याचं नाव त्या यादीत नाही! स्वयंपाकघरात जाऊन मी हे सौ.ला विजयी मुद्रेनं सांगितलं. ती म्हणाली, "कलमं राहू द्या. चहा कशात करू ते सांगा. पातेलं ट्रकमध्ये गेलंय."

बाहेर आलो तर मुकादम जिन्यात बसला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, आकडा आमचा होता. पण सामान तुमचं होतं."

या वाक्यावर मी वाणिज्य शाखेत शिकलेलं काहीच चालेना. मला वाटत होतं की त्यानं मला अडकवलं. पण माझे खरे गठ्ठे त्याला दिसले तेव्हा त्याचीही अर्धी मेहनत तीन मजले उतरून गेली होती. त्याचा ट्रक भरला होता, माणसं दिवसभरासाठी बांधली गेली होती. 'नाही जमत' म्हणायची त्याचीही वेळ टळून गेली होती. आधी मीच त्याचा माल गाडीत चढवला होता आणि मगच किंमत सांगितली होती. चौदा हजारवाल्यात आणि माझ्यात एवढाच फरक की तो ते पोटासाठी करत होता.

साडेचार हजारांवर तडजोड झाली. मी आजवर केलेल्या काटकसरीतली ती सगळ्यात महागडी.

विम्याचाही एक किस्सा झाला. वाहतूकवाले आपण सांगू त्या किमतीवर टक्केवारी घेतात, आमच्याकडे तीन टक्के मागितले. इथे सावध असावं. वाहतूकवाला म्हणजे विमा कंपनी नव्हे. पैसे भरलेत तर विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी मागून घ्यावी. रस्ता वाहतुकीचा २००७चा कायदा आणि त्याखालचे २०११चे नियम असं सांगतात की जास्त किंमत जाहीर केली नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. त्याआधीचा इंग्रजांचा कायदा १८६५चा. त्यात मौल्यवान वस्तूंच्या यादीतला शंभर रुपयांवरचा माल आधी सांगितला नसेल तर वाहतूकदार हात झटकू शकत असे. म्हणजे काय आणि केवढ्याचं हे आधी सांगा, मगच भरपाई मागा, ही अट जुनीच आहे.

म्हणून रात्री आम्ही दोघं किमती लिहायला बसलो. टीव्ही आठ हजार, फ्रिज सहा हजार. मग सौ.नं लिहिलं, 'देव्हारा', आणि पेन थांबलं. देव्हाऱ्यात आईनं दिलेला देवीचा चांदीचा टाक होता. किंमत शून्य लिहावी तर मन धजेना. लाख लिहावी तर तीन टक्के भरावे लागतात. कागदावर देवीची किंमत ठरवण्यापेक्षा तिला आपल्याबरोबर न्यावं असं ठरलं, आणि आमची कुलस्वामिनी सौ.च्या मांडीवर बसून एसटीनं सोलापूरमार्गे तुळजापूरला आली. तिचं तिकीट लागलं नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. आमची गल्ली उताराची, आणि ती आखली तेव्हा चौदा फुटी ट्रकचा शोध लागायचा होता. कागदावर 'दारापर्यंत' असं लिहिलं होतं. दार माझं की गल्लीचं, हे लिहायचं राहिलं होतं. उतराईच्या मजुरीवरून, म्हणजे वाराईवरून, पुन्हा दोन शब्द झाले आणि हातगाडीचे बाराशे गेले. पण या वेळी चूक कोणाची हा विचार करायच्या आधीच मी पाकीट काढलं. वीस तासांत बरीच प्रगती झाली होती.

तुळजापुरात सामान हलवण्याच्या बाबतीत तसा आदर्श समोरच आहे. आमची तुळजाभवानी एका जागी खिळलेली नाही. तिची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी मूर्तीला साड्यांचं दिंड गुंडाळतात. आताच्या खोकेवाल्यांचा फुगीर प्लास्टिकचा कागद त्यापुढे काय! तिची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंगही असाच लांबून, गावोगावी मुक्काम करत येतो. लहानपणापासून मी हे बघत आलोय, पण पलंगाची वाराई कोण देणार यावरून अडून बसलेला माणूस मी पाहिला नाही. कुठलं काम कोणाच्या घराण्याकडे हे तिथे पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना माहीत असतं. कोणी कोणापासून काही माळ्यावर लपवलेलं नसतं.

पण सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत, आणि इथे माझी खरी अडचण आहे. सिडनीचं ते शिंपल्यांसारखं दिसणारं प्रसिद्ध नाट्यगृह घ्या. १९५७ साली त्याचा अंदाज आजच्या चलनात सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता. १९७३ साली ते पुरं झालं तेव्हा १० कोटी २० लाख झाले होते. पहिल्याच दिवशी कोणी खरा आकडा सांगितला असता तर ते उभं राहिलं असतं का? मला शंका आहे. मग खोटा अंदाज वाईट म्हणावा की चांगला? जगातली बरीच देवळं, पूल आणि लग्नं अशाच कमी सांगितलेल्या अंदाजावर उभी आहेत.

मला वाटतं, अंदाज चुकणं हा दोष नाही. उद्याचं कोणाला दिसतं? दोष आहे तो चुकणार हे ठाऊक असताना सांगण्यात. त्याहून मोठा दोष म्हणजे खरं तेव्हा सांगणं, जेव्हा समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही. नाट्यगृह सुंदर झालं म्हणून हे माफ होत नाही. फक्त विसरलं जातं.

हे तत्त्वज्ञान मी ट्रकवाल्यासाठी तयार केलं होतं. ते वापरावं लागलं मात्र दुसरीकडे.

हातगाडीवरून बंब उतरला तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. नातीला जवळ घेऊन झालं होतं, सुनेची विचारपूस झाली होती. बंब दिसल्यावर ती म्हणाली, "आला का आमचा बंब!"

तो बंब तिचाच होता. २००३ साली बँकेत लागून मी पुण्याला निघालो तेव्हा वडील जाऊन वर्षच झालं होतं. तिनं विचारलं होतं, "किती दिवसासाठी चाललास?" मी म्हणालो होतो, "तीन वर्षं. मग बदली मागून येतोच." तीन वर्षांत काय होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पुणं सुटणार नाही हे जाणाऱ्या प्रत्येकाला कळत असतं. पण खरं सांगितलं असतं तर तिचा चेहरा बघून माझा पाय निघाला नसता. म्हणून मी चौदा हजार सांगितले. थंडीत कढत पाणी मिळावं म्हणून तिनं बंब बरोबर दिला. "येताना घेऊन ये." पुण्याला गेल्यावर मी गीझर घेतला आणि बंब माळ्यावर टाकला.

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो. "आई, मी तीन वर्षं म्हणालो होतो."

"म्हणाला होतास की."

"तेव्हाच माहीत होतं मला, तीनमध्ये होणार नाही."

"मला बी माहीत होतं," ती म्हणाली. "तू तीन म्हणालास, मी धा धरली होती." मग बंबावरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "वरची मात्र माझ्या हिशोबात नव्हती बघ."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मुकादमाच्याही नव्हती. हिशेब मांडणारा माणूस चिडत नाही, हा धडा मला दोन दिवसांत दुसऱ्यांदा मिळत होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता किती दिवसासाठी आलास?"

'कायमचा' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. छान शब्द आहे, आणि त्यावर कर लागत नाही. सौ. दारात उभी होती. तिनं माझ्याकडे तसंच बघितलं, जसं माळ्याच्या वेळी बघितलं होतं. मग मी सगळं खाली काढलं. पोरगी आता आठवीत आहे. बारावीपर्यंत ती इथेच शिकेल. पुढे कॉलेजसाठी कुठे जाईल सांगता येत नाही. कदाचित आमच्यापैकी कोणाला तिच्याबरोबर जावं लागेल. बँकेचाही भरवसा नाही. पाच वर्षं मात्र मी धरून चाललोय.

आई बराच वेळ काही बोलली नाही. तिनं मनातल्या मनात पाचाचे किती केले कोण जाणे.

"बरं झालं सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "मग तो बंब माळ्यावर टाकू नको. परसात ठेव. उद्यापासून पेटवू."